मिरजेचे खाँसाहेब आणि तीन मिनिटांची तबकडी



आपल्या सांगली-साताऱ्याकडच्या मुलांना मिरज म्हटलं की काय आठवतं, हे एकदा वर्गात विचारून बघा. रेल्वेचं जंक्शन, मोठे दवाखाने आणि सतारी, अशी तीन उत्तरं हमखास येतील. एखादं मूल मीरासाहेबांच्या दर्ग्याचंही नाव घेईल. त्याच दर्ग्याच्या आवारात एका मोठ्या गवयाची कबर आहे. त्यांचं नाव खाँसाहेब अब्दुल करीम खाँ. त्यांना जाऊन आता ऐंशीहून जास्त वर्षं झाली, तरी त्यांचा आवाज आजही तुमच्या-माझ्या मोबाइलवर ऐकता येतो. तो आवाज आपल्यापर्यंत कसा पोचला, कुणी पोचवला आणि त्यातून मुलांना काय देता येईल, हे आजच्या पाठात पाहू या.

कैराना ते मिरज

अब्दुल करीम खाँ यांचा जन्म 11 नोव्हेंबर 1872 रोजी उत्तर प्रदेशातल्या कैराना या गावी झाला. या गावावरूनच त्यांच्या गायकीला किराणा घराणं म्हणतात. मुलांना हे आवर्जून सांगा, नाहीतर किराणा म्हणजे वाण्याचं दुकान असा गोड गैरसमज होतो! घरातच गाणं होतं. वडील काले खाँ आणि काका अब्दुल्ला खाँ यांच्याकडे त्यांचं शिक्षण झालं. गळ्याबरोबर हातही तयार झाला. ते बीन आणि सारंगीही वाजवत.

तरुणपणी भावाबरोबर फिरत फिरत ते बडोद्याला आले. सयाजीराव गायकवाडांच्या दरबारात त्यांचं गाणं पसंत पडलं. तिथल्या राजघराण्याच्या नात्यातल्या ताराबाई माने त्यांच्याकडे गाणं शिकत. पुढे दोघांनी लग्न केलं. त्या काळात हे सोपं नव्हतं. बडोदा सोडावं लागलं. तिथून मुंबई आणि मग मिरज, असा त्यांचा प्रवास झाला.

मिरजेशी त्यांचं नातं कसं जुळलं याची एक आठवण सांगतात. प्लेगच्या काळात ते इथे आजारी पडले, दर्ग्यात बसून त्यांनी गाऊन सेवा केली आणि ते बरे झाले. मग त्यांनी मिरज आपलं मानलं. आठवण खरी किती आणि श्रद्धेची किती, हा प्रश्न बाजूला ठेवू. पण उरुसात दर्ग्यात हजेरी लावण्याचा नेम त्यांनी पाळला हे खरं, आणि त्यांच्या स्मरणार्थ तिथे उरुसात आजही संगीत सभा भरते. भारतभरातले गवई आणि वादक तिथे कला सादर करणं हा आपला मान समजतात.

स्वराचा कस: सांगली, सातारा आणि श्रुती

खाँसाहेबांच्या गाण्याचं वैशिष्ट्य एका शब्दात सांगायचं तर स्वर. आवाज बारीक, उंच आणि मऊ. जोर लावून गाणं नाही. एकेक स्वर असा लावायचा की ऐकणाऱ्याने दुसरा स्वर मागूच नये. तंबोरे जुळवायला ते भरपूर वेळ घेत. वाद्य बिघडलं तर स्वतः दुरुस्त करत. मिरजेत सतारमेकरांची मोठी परंपरा आहे. फरीदसाहेब सतारमेकरांपासून ती चालत आली. हे घराणं मूळचं हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांचं. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे आणून तिथे तंबोरे आणि सतारी घडवतात. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. इतक्या कसलेल्या कानाचा गवई अशा गावात राहावा, हा चांगला योग म्हणायचा.

आता आपल्या दोन्ही जिल्ह्यांना जोडणारी गोष्ट. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले गृहस्थ. संगीतातल्या 22 श्रुती नेमक्या कोणत्या, हे मापून दाखवायचा त्यांनी ध्यास घेतला होता. 1910 मध्ये त्यांनी या विषयावर इंग्रजीतून पुस्तक काढलं. त्यांना साथ मिळाली ती ई. क्लेमंट्स या इंग्रज आय.सी.एस. अधिकाऱ्याची. या मंडळींनी 1911 च्या सुमारास साताऱ्यात संगीताच्या अभ्यासासाठी एक संस्थाही काढली. साध्या पेटीत बसत नाहीत असे बारीक स्वर निघावेत म्हणून खास श्रुतींची पेटी बनवून घेतली. या सगळ्या खटाटोपात प्रत्यक्ष स्वर लावून दाखवायला जो गळा लागत होता, तो देवलांना खाँसाहेबांकडे सापडला. त्यांचा सिद्धांत सगळ्यांनी मान्य केला असं नाही. त्यावर पुढे बरेच वाद झाले. पण गवई आणि मोजमाप करणारा माणूस एकत्र बसले, ही गोष्ट विज्ञान शिकवणाऱ्यांनी जरूर सांगावी. ही श्रुतींची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचं काम पडणार आहे.

गाणं शिकवणारी शाळा

आपण शिक्षक, त्यामुळे खाँसाहेबांमधला शिक्षक आपल्याला जास्त जवळचा. त्या काळी गवई आपली विद्या सहसा घराबाहेर देत नसत. खाँसाहेबांनी 1913 मध्ये पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढलं. मुलं तिथेच राहायची आणि शिकायची. खर्च भागवण्यासाठी खाँसाहेब तिकीट लावून जलसे करायचे. मुलंही जलशांत भाग घ्यायची.

त्यांच्या शिष्यांत सर्वांत गाजलेलं नाव कुंदगोळच्या रामभाऊंचं. त्यांनाच आपण सवाई गंधर्व म्हणून ओळखतो. बाळकृष्णबुवा कपिलेश्वरी, बेहरेबुवा, रोशन आरा बेगम अशी किती तरी नावं घेता येतील. दक्षिणेचं कर्नाटक संगीतही खाँसाहेबांनी मनापासून ऐकलं आणि आपलंसं केलं. म्हैसूरच्या दरबारात त्यांना मान होता. त्यांच्या गाण्यात सरगम येते, तिच्यात हा दक्षिणेचा गंध आहे.

1922 च्या सुमारास मात्र घर मोडलं. ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. ही मुलं पुढे माने आणि बडोदेकर या नावांनी प्रसिद्ध झाली. सुरेशबाबू माने, मिरजेत जन्मलेल्या हिराबाई बडोदेकर आणि सरस्वतीबाई राणे. वडिलांचं नाव त्यांनी लावलं नाही. पण गळ्यातून वडील गेले नाहीत. तिन्ही भावंडांचं गाणं ऐकलं की हे कळतं.

तीन मिनिटांत काय मावतं?

आता आपल्या मूळ मुद्द्याकडे येऊ.

भारतात गाणं तबकडीवर उतरायला सुरुवात झाली 1902 मध्ये, कलकत्त्यात. गौहर जान यांचं ध्वनिमुद्रण त्या वर्षीचं. त्यानंतर दोन-तीन वर्षांतच खाँसाहेबही ग्रामोफोन कंपनीसाठी गायले. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. गवयाने एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गायचं. आवाजाच्या धक्क्याने पलीकडची सुई हलायची आणि मेणाच्या चकतीवर रेघ उमटायची. त्या चकत्या परदेशी पाठवून तिकडे तबकड्या छापत. म्हणून त्या काळच्या बऱ्याच तबकड्यांत गाणं संपताच कलाकार स्वतःचं नाव सांगतो. तिकडच्या कामगारांना गाणं कुणाचं आहे ते कळावं, हा त्यामागचा साधा हेतू.

1925 नंतर मायक्रोफोन आला आणि आवाज कितीतरी स्वच्छ उतरू लागला. खाँसाहेब पुन्हा ध्वनिमुद्रणाला बसले ते 1934 च्या सुमारास, ओडियन कंपनीसाठी. वय साठीच्या पुढे. आज आपण त्यांचं जे गाणं ऐकतो ते बहुतेक याच काळातलं. झिंझोटी आणि भैरवीतल्या ठुमऱ्या, जोगिया, वसंत, मालकंस, शंकरा, आभोगी. मराठी नाट्यपदंही त्यांनी गायली आणि त्यागराजांची कृतीही गायली. बीन वाजवलेलीही आहे.

पण तबकडी होती किती वेळाची? दहा इंची तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन-सव्वातीन मिनिटं. मैफलीत एकच राग तासभर गाणारा माणूस, आणि त्याच्या पुढ्यात घड्याळ लावलेलं. पुष्कळ बुजुर्ग गवयांना हे पटत नसे. काही जण घाईघाईत ताना मारून वेळ भरून काढत. खाँसाहेबांनी तसं केलं नाही. त्यांची ठुमरी लावा आणि घड्याळाकडे बघा. तीन मिनिटांतही ते घाईत नाहीत. पहिला स्वर शांतपणे लावतात, चीज मांडतात, एखाद्या शब्दावर रेंगाळतात आणि वेळ संपायच्या आत समेवर येऊन थांबतात. 35 मिनिटांच्या तासिकेत पाठ बसवताना ज्यांची तारांबळ होते, त्यांना यातलं कसब लगेच कळेल.

एका तबकडीने काय केलं

या छोट्या तबकडीची ताकद केवढी, याचं एकच उदाहरण पुरेसं आहे. कर्नाटकातल्या गदग गावात एक लहान मुलगा होता. त्याच्या कानावर खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी पडली, तबकडीवरची. असं आपल्याला गाता आलं पाहिजे, हे त्याच्या मनाने घेतलं आणि तो गुरूच्या शोधात घर सोडून निघाला. ग्वाल्हेर आणि कुठे कुठे भटकून शेवटी तो सवाई गंधर्वांकडे पोचला, म्हणजे ज्यांची तबकडी ऐकली त्यांच्याच पट्टशिष्याकडे. हा मुलगा म्हणजे पंडित भीमसेन जोशी. त्यांनी 1953 मध्ये गुरूंच्या नावाने पुण्यात महोत्सव सुरू केला. 2008 मध्ये त्यांना भारतरत्न जाहीर झालं.

विचार करा, भीमसेनजींच्या मनावर हा पहिला ठसा उमटला तेव्हा समोर मैफल नव्हती. चावीचा ग्रामोफोन होता, फिरणारी काळी थाळी होती आणि तीन मिनिटं होती.

तबकडी, एलपी, कॅसेट: साठवण्याचा प्रवास

खाँसाहेबांच्या सुट्या तबकड्या लाखेच्या. हातातून पडली की काचेसारखी फुटणार. मिनिटाला 78 फेरे आणि सुईही सारखी बदलावी लागे, कारण बोथट सुई रेघा खरवडते. पुढे एलपी आली. तिच्या एका बाजूला वीसेक मिनिटं मावतात. मग कंपन्यांनी जुन्या तबकड्यांवरची गाणी एकत्र करून एलपीवर आणली. त्यानंतर कॅसेट आणि सीडीवर आणली. आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरात खाँसाहेब आले ते या संकलनांतून.

संकलनाचा फायदा उघड आहे. फुटणारी वस्तू टिकाऊ झाली आणि एका जागी सगळं मिळालं. पण तोटाही आहे. मूळ तबकडीवर कंपनीचं नाव, क्रमांक, राग, सगळं लिहिलेलं असायचं. संकलनात ते बऱ्याचदा गळून जातं. तेच गाणं नव्या नावाच्या, नव्या मुखपृष्ठाच्या सीडीत पुन्हा येतं आणि घेणाऱ्याला वाटतं, नवीन काही मिळालं. शिवाय मैफल वेगळी आणि तबकडी वेगळी. भीमसेनजींच्या मैफलींची तास-दोन तासांची ध्वनिमुद्रणं आपल्याला ऐकता येतात. त्यात टाळ्या असतात, तंबोऱ्याची जुळवाजुळव असते, मध्येच साथीदाराला दिलेली दाद असते. खाँसाहेबांचं जे आपण घरी ऐकतो ते तबकडीसाठी बेतून गायलेलं. त्यावरून त्यांची पूर्ण मैफल कशी असेल याचा अंदाजच करायचा.

आणि आता ती श्रुतींची गोष्ट. जुन्या सगळ्याच तबकड्या बरोबर 78 च्या वेगाने मुद्रित झालेल्या नसत. नकल करताना वेग पाच-सहा टक्क्यांनी वाढला तर स्वर किती चढतो माहीत आहे? पांढरी एक जवळजवळ काळी एक होते. ज्या माणसाने देवलांसोबत बसून स्वराचा बारीक कस लावला, त्याचंच गाणं आपण चुकीच्या वेगावर ऐकायचं आणि त्यांचा आवाज फारच बारीक होता म्हणायचं! म्हणून चांगला संग्राहक नुसती थप्पी लावत नाही. तो लेबल वाचतो, मधल्या कोऱ्या भागात कोरलेला क्रमांक टिपून ठेवतो, वेग तपासतो आणि कोणती नक्कल कशावरून झाली ते लिहून ठेवतो. मुंबईत 1990 मध्ये अशा छंदिष्टांनी 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' ही संस्था सुरू केली. 'द रेकॉर्ड न्यूज' हे त्यांचं नियतकालिक. त्यात त्यांनी अशा नोंदी वर्षानुवर्षं छापल्या. जुन्या बाजारातून, भंगारवाल्याकडून, कुणाच्या माळ्यावरून तबकड्या गोळा करणाऱ्या या साध्या माणसांचे आपल्यावर मोठे उपकार आहेत.

शेवटचा प्रवास

1937 च्या ऑक्टोबर महिन्यात खाँसाहेब दक्षिणेच्या दौऱ्यावर होते. मद्रासचा कार्यक्रम आटोपून ते रेल्वेने पाँडिचेरीला निघाले. वाटेत छातीत दुखू लागलं, म्हणून सिंगपेरुमाळकोइल या लहानशा स्टेशनवर उतरले. फलाटावरच अंथरूण टाकलं. त्यांनी नमाज पढली, तंबोरा जुळवून घेतला आणि दरबारी रागात ईश्वराचं नाव घेत घेत प्राण सोडला, असं सांगतात. तारीख 27 ऑक्टोबर. पासष्ट वर्षं पुरी व्हायला पंधरा दिवस बाकी होते. त्यांचा देह मिरजेला आणला आणि मीरासाहेबांच्या दर्ग्यात चिरविश्रांती दिली.

ओडियनसाठी ते गायले होते, त्याला तेव्हा जेमतेम दोन-तीन वर्षं झाली होती. तेव्हा ते गायले नसते, तर आपल्याकडे त्यांचा उतारवयातला तो पिकलेला आवाज राहिला नसता. कर्ण्यात गायलेल्या जुन्या, खरखरीत तबकड्या तेवढ्या उरल्या असत्या.

वर्गात आणि घरी काय करता येईल?

1. तीन मिनिटं ऐकणं. परिपाठानंतर किंवा आनंददायी शनिवारी एक तबकडी-गाणं लावा. आधी काही सांगू नका. ऐकून झाल्यावर फक्त विचारा: काय ऐकू आलं? आवाज, तबला, पेटी, सुईची खरखर, मुलं जे सांगतील ते फळ्यावर लिहा. राग ओळखायची सक्ती नको.

2. गणित. मिनिटाला 78 फेरे, तर तीन मिनिटांत किती? उत्तर 234. एलपीच्या दोन्ही बाजू मिळून 42 मिनिटं धरली, तर तीन मिनिटांची किती गाणी बसतील? उत्तर 14. चौथीच्या मुलांना ही उदाहरणं आवडतील.

3. विज्ञान. जाड कागदाची नरसाळी करून टोकाला कान लावायचा आणि कर्णा आवाज कसा गोळा करतो ते अनुभवायचं. खर्च शून्य.

4. गोष्ट. ग्रामोफोन कंपनीच्या लेबलवर कर्ण्यासमोर बसलेला कुत्रा मुलांना दाखवा. खाँसाहेबांकडेही टिपू नावाचा कुत्रा होता आणि त्याला त्यांनी स्वर लावायला शिकवलं होतं, अशी आठवण सांगितली जाते. वर्ग हसेल आणि खाँसाहेब कायमचे लक्षात राहतील.

5. घरचा संग्रह. पालकहो, हे तुमच्यासाठी. आजी-आजोबांच्या काळातल्या तबकड्या आणि कॅसेट माळ्यावर असतील तर दिवाळीच्या साफसफाईत रद्दीवाल्याला देऊ नका. आधी मुलांना सोबत घेऊन यादी करा: कलाकार, गाणं, कंपनी, क्रमांक, घरात कुणी आणली. तबकड्या आडव्या रचू नका, उभ्या ठेवा, उन्हापासून लांब. भजनी मंडळाच्या, लग्नातल्या ओव्यांच्या, पणजीच्या आवाजातल्या जुन्या कॅसेट तर बाजारात कुठेच मिळणार नाहीत. त्यांची नक्कल मोबाइलवर करून ठेवा आणि त्यावर नाव, गाव, अंदाजे वर्ष लिहा. नाव नसलेला आवाज दुसऱ्या पिढीत अनोळखी होतो.

शेवटी एवढंच. खाँसाहेबांची पूर्ण मैफल आपल्याला आता मिळणार नाही. पण कुणीतरी तबकडी काढली, कुणीतरी ती विकत घेतली, कुणीतरी फुटू न देता सांभाळली आणि कुणीतरी तिच्यावरचा क्रमांक वहीत लिहून ठेवला. यातलं एकही माणूस मध्ये नसतं तर गदगच्या त्या मुलाच्या कानावर काय पडलं असतं आणि आपल्याला काय ऐकायला मिळालं असतं? मोठं गाणं सगळ्यांनाच येत नाही. सांभाळणं आणि नोंद ठेवणं मात्र तिसरीतल्या मुलालाही येतं. ते आपण शिकवू या.

तुमच्या वर्गात हा पाठ घेतलात, तर मुलांनी काय काय ऐकलं ते जरूर कळवा. मिरजेला जाणं झालं तर मुलांना घेऊन सतारमेकर गल्लीतून एक फेरी मारा, भोपळ्याचा तंबोरा कसा होतो ते दाखवा आणि मग दर्ग्यात खाँसाहेबांना भेटून या.